हारखाच

ललितशेठच्या गोडाऊनमध्ये मी शेवटची गेले ती एका वारलेल्या बाईसाठी.

आमचं नाशकात भद्रकालीत फोटो फ्रेमचं दुकान आहे. पाटीवर अब्बांचं नाव, ‘इब्राहिम फ्रेमवाले’, पण शटर मी उचलते. देव, पीर, पुढारी, नवरा-नवरी आणि गेलेली माणसं, सगळ्यांना आमच्याकडे चौकट मिळते. मुसलमान बाईने देवाच्या फोटोला काच लावलेली ज्याला चालत नाही त्याने खुशाल पुढच्या दुकानात जावं. आजवर कुणी गेलं नाही. आमचे कोपरे उघडत नाहीत, हे त्याचं कारण. बाकी प्रेमबिम काही नाही.

तर एकलहऱ्याहून एक गृहस्थ आले. वीजकेंद्रात नोकरीला. आईचा फोटो करायचा होता. वडील आधी गेले होते आणि त्यांची फ्रेम आमच्याच हातची. ती त्यांनी भिंतीवरून उतरवून, टॉवेलात गुंडाळून आणली होती. अगदी अशीच पट्टी पाहिजे म्हणाले, दोघं शेजारी लावायचेत.

पट्टी म्हणजे फ्रेमच्या चार बाजूंना जे नक्षीचं लाकूड असतं ते. लाकूड आपलं म्हणायचं. गेली कित्येक वर्षं ते प्लास्टिकच्या फेसाचं येतं, वर सोनेरी कागद चिकटवलेला, आणि आम्ही सगळे फ्रेमवाले गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून त्याला ‘सागवान फिनिश’ म्हणतो. मीही म्हणायचे.

नाशिकमधल्या निम्म्या फ्रेमवाल्यांना पट्टी देतो तो ललितशेठ. त्याने ती फ्रेम हातातसुद्धा घेतली नाही. लांबूनच म्हणाला, डिझाइन बंद झालं. त्याच्याकडे डिझाइन सारखं बंद होतं. दिल्लीकडून ट्रक येतो, त्यात जे निघेल ते नाशिकच्या भिंतींवर लागतं. मी म्हटलं, शेठ, नवरा-बायको काही एका ट्रकच्या हिशोबाने मरत नाहीत. मागे एक मरतं, पुढे एक मरतं. पट्टी एकच लागते. तिथे अजून दोन फ्रेमवाले उभे होते, ते हसले. मग मला चेव चढला. मी म्हटलं, आणि विकता ते लाकूडही नाही, थर्माकोलचा मोठा भाऊ आहे.

ललितशेठ रागावला नाही. तो कधीच रागावत नाही, म्हणून तर लोकांना तो चांगला वाटतो. चष्मा पुसत म्हणाला, “मग तू काढ की घरी. पण पट्टी काढणं म्हणजे पापड लाटणं नव्हे, शहनाज.”

“काढते,” मी म्हटलं. “तुमच्याकडून यापुढे वीतभरही नेणार नाही.”

“येशील,” तो म्हणाला. “पावसाळ्याच्या आत येशील.”

एकलहऱ्याच्या गृहस्थांनी शेवटी दुसऱ्या पट्टीतच आईचा फोटो नेला. भांडले नाहीत. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. दोन्ही फ्रेमा काउंटरवर शेजारी ठेवून ते एवढंच म्हणाले, “जन्मभर एका घरात राहिले. आता भिंतीवर परके दिसतील.”

हे वाक्य माझ्या छातीत बसलं ते बसलंच.

अब्बांना मी गोडाऊनची हकीकत सांगितली तर त्यांनी कपाळावर हात मारला. शेठसे बिगाड के धंदा होता है क्या, म्हणाले. त्यांचे हात आता थरथरतात, नजर अधू झाली आहे, पण दुकानाची काळजी मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे. खरं म्हणजे आमच्या दादाजानने सगळ्या पट्ट्या हातानेच काढल्या होत्या. प्लास्टिक आलं तेव्हा अब्बांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दादाजानचे रंधे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. मी ते पोतं उतरवलं. लाकूड भुंग्याने खाल्लं होतं, हातात धरलं की भुगा. लोखंड गंजून गेलेलं. म्हणजे घराण्याची विद्या वगैरे मला काही मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकते. मला मिळाला तो भुगा.

लाकूड मी पाडकामवाल्यांकडून आणलं. नाशकात रोज कुठे ना कुठे जुनी बिल्डिंग पडते आणि तिच्या दारांच्या चौकटी रस्त्याकडेला रचून ठेवतात. जुना साग. जेवढा वाळायचा तेवढा वाळून झालेला, आता वाकणार नाही की तडकणार नाही. खिळे उपटायचे, वखारीत नेऊन लांब पट्ट्या चिरून आणायच्या. आतल्या कडेला काच बसायला खाच मारायची. इथपर्यंत कुणालाही जमेल. खरी गंमत पुढे आहे, तोंडावरच्या नक्षीत.

त्यासाठी मी हॅक्सॉचं जुनं पातं घेतलं आणि कानशीने घासून त्याला आकार दिला. एक गोल, त्याच्या बाजूला एक घळ, मग एक बारीक धार. पातं लाकडी दांड्यात आवळून बसवलं आणि पट्टीवरून ओढायला लागले. ओढायचं म्हणजे खरवडायचं, कोळ्याच्या जाळ्याएवढा पातळ थर. परत, परत, परत. लाकडाचा धागा उलटा असेल तर पातं अडकतं आणि कपची उडते. साग तेलकट, शिवाय त्याच्या पोटात रेतीसारखं काहीतरी असतं, धार तासाभरात जाते. मग परत कानस. पहिल्या पट्ट्या मी चुलीत घातल्या. खांदे रात्री कूस बदलू देत नव्हते. अब्बा खुर्चीतून आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे.

मग एके दिवशी आवाज बदलला. खरखर गेली आणि सुईईई असा एक लांब सूर आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता. अब्बांची मान हलायची थांबली. मी बोट फिरवलं. गोल गोल होता, घळ घळीसारखी होती आणि धार अशी सरळ की वाटावं ती आधीपासूनच लाकडात होती. लोक म्हणतात गर्व करू नये. का करू नये? एवढं करून गर्व करायचा नाही तर मग कशाचा करायचा, ललितशेठच्या ट्रकचा?

त्यावर लाखेचं पॉलिश चढवलं. लाल-काळं, आरशासारखं. नमुना काउंटरवर ठेवला आणि वाट बघत बसले. लोक यायचे, हात फिरवायचे, सोनेरी नाही का विचारायचे आणि जायचे.

पहिली पट्टी घेतली ती सुलाबाईने. दिंडोरीकडची. द्राक्षाच्या बागांमध्ये छाटणीला, विरळणीला जाते. नवरा रावजी, तो फवारणीच्या ट्रॅक्टरवर असायचा. गेला. दहाव्याला फोटो पाहिजे होता. तिने माझा नमुना उचलला, नखाने खरवडला, मग नाकाशी धरला.

“ह्ये खरं लाकूड हाय?”

साग आहे म्हटलं. ती म्हणाली, आमच्या माणसाला चमचम आवडायची नाय, हीच दे. मग जरा थांबून तिने विचारलं, उद्या माझा फोटो त्याच्या बाजूला लावतील तेव्हा हीच मिळंल का. मला तर हेच कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. मी म्हटलं, पातं माझं आहे मावशी. हे डिझाइन माझ्याशिवाय कुणी बंद करू शकत नाही.

फार मोठ्या तोंडाने म्हटलं.

तेरावा उरकून ती परत आली. पिशवीतून फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. लाल-काळ्या पॉलिशवर पांढरे ओघळ. वरच्या पट्टीवर एक जाड पांढरा पट्टा, बाजूंना दोन, आणि खालच्या घळीत तर दही विरजल्यासारखं झालं होतं. काचेच्या आतही एका कोपऱ्यात ओल गेली होती. फोटोतल्या रावजीच्या खांद्यावर डाग.

“जिवंत व्हता तवा दोन वेळा आंघोळ करायचा माझा माणूस,” सुलाबाई म्हणाली. “आन् आता भित्तीवर जाऊन आठ दिवस नाय झाले तं बुरा चढला त्याच्यावर. सोयऱ्यांनी बघितला सगळ्या.”

मला कळेना काय झालं. मग तिने सांगितलं की रोज ताजा हार घालतो आणि तो टिकावा म्हणून वर पाणी शिंपडतो. सगळेच शिंपडतात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. लाखेला पाणी चालत नाही, ओल बसली की ती पांढरी पडते. आणि मी हौसेने काढलेली ती सुंदर घळ, खालच्या बाजूला तिच्यात पाणी तुंबत होतं.

प्लास्टिकवर कितीही पाणी पडो, त्याला काय फरक पडतो. म्हणून इतकी वर्षं मला हा प्रश्नच पडला नव्हता. आणि दुसरी गोष्ट. आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, फोटोच लावत नाहीत. जन्मभर मी हार घालायच्या फ्रेमा केल्या आणि हार कसा लोंबतो, कुठे टेकतो, कुठून गळतो, हे एकदाही बघितलं नव्हतं. कोपरा बघितला, काच बघितली. हार कधी बघितला नाही.

सुलाबाई म्हणाली, राहू दे, मला सगळ्यांसारखी सोनेरी दे. मी म्हटलं, महिन्याच्या श्राद्धापर्यंत थांबा. तोपर्यंत साधी फ्रेम लावून देते. तेव्हाही असं झालं तर मी स्वतः ललितशेठकडून सोनेरी पट्टी आणून तुम्हाला लावून देईन. हे शब्द तोंडातून काढताना मला जे झालं ते माझं मला माहीत. ती ‘बरं’ म्हणाली. 

मी नवं पातं घासलं. घळ काढून टाकली. काचेकडची कड तिरकी केली, काचेवरून आलेलं पाणी सरळ खाली जावं अशी. बाहेरचा गोल उतरता ठेवला. पाण्याला बसायला जागाच ठेवायची नाही. लाख बंद. त्याऐवजी जवसाचं तेल, फडक्याने चोळून, एक हात सुकला की दुसरा. आरशासारखं चमकत नाही, पण लाकूड लाकडासारखं दिसतं. आणि एक गोष्ट मी वाढवली. लोक हार वरच्या कोपऱ्यांना अडकवतात, तो घसरतो, मग कुणी टेप लावतं, कुणी पट्टीत खिळा ठोकतं. मी वरच्या पट्टीच्या माथ्यावर दोन्ही टोकांना एक एक बारीक खाच पाडली. हाराचा दोरा तिथे बसतो, हलत नाही. तिला नाव दिलं हारखाच. अशी खाच कुठल्याच ट्रकमधून आलेली नाही. ती माझी आहे.

पण आता मी बघितल्याशिवाय बोलणार नव्हते. एक फ्रेम तयार केली, दुकानाच्या भिंतीवर टांगली, रोज फुलवाल्याकडून झेंडूचा ओला हार आणायचा, घालायचा, वर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आत कागद हवा, म्हणजे ओल शिरली तर कळेल. पण कागद कुणाचा लावायचा? देवाचा फोटो चाचणीला लावणं बरं दिसत नाही. गिऱ्हाइकांच्या गेलेल्या माणसांशी तर मी खेळ करणारच नाही. अब्बांचा लावावा तर ते समोर बसलेले. शेवटी नजर गेली कॅलेंडरवर. ललितशेठ दर दिवाळीला स्वतःचा फोटो छापलेलं कॅलेंडर सगळ्या फ्रेमवाल्यांना वाटतो. गुळगुळीत कागद, भिजला की रंग फुटणारा. मापातही बसत होता.

म्हणजे माझ्या मनात काळंबेरं नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं थोडं.

आता जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं म्हणजे काय, हे नाशकातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. येणारा प्रत्येक जण आत शिरला की दचकायचा. अरे, शेठ गेले? कधी? मी म्हणायचे, नाही हो, चाचणी आहे. काही जण ऐकायच्या आधीच बाहेर पडायचे.

अशात ललितशेठ आला. स्वतः, पायऱ्या चढून, बगलेत नमुन्यांची पेटी. माझी पट्टी पांढरी पडल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं आणि मला परत न्यायला तो आला होता, मोठ्या मनाने. दारातच थांबला. समोर भिंतीवर तो स्वतः, गळ्यात झेंडूचा हार, नुकतंच पाणी शिंपडलेलं, टपटपत होतं.

अब्बा खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

“मी अजून आहे, शहनाज,” ललितशेठ म्हणाला.

“म्हणूनच तुमचा लावला,” मी म्हटलं. “गेलेली माणसं गिऱ्हाइकांची असतात. त्यांच्यावर मी प्रयोग करत नाही.”

अब्बा माफी मागायला लागले. ललितशेठने त्यांना हाताने थांबवलं, पेटी खाली ठेवली, भिंतीपाशी गेला आणि स्वतःच्या गळ्यातला हार स्वतः उतरवला. काढताना तो जरा अडला. दोरा खाचेत बसला होता. त्याने वाकून खाच बघितली. मग अंगठा वरच्या पट्टीवरून फिरवला, कोपऱ्यावर थांबला, खाली आला. ओला अंगठा शर्टाला पुसून परत फिरवला. पांढरं काही नव्हतं. कॅलेंडरवरचा त्याचा चेहरा कोरडा होता, एक ठिपकासुद्धा फुटलेला नाही. तो माणूस कसाही असो, पट्टी त्याला कळते. जन्म गेलाय त्याचा त्यात. मी श्वास रोखून त्याचा अंगठा बघत होते, हे मान्य करते.

हातातला हार त्याने काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, एक फूट कापून दे. साच्याला पाठवतो, या खाचेसकट काढू, तुझं नाव टाकू हवं तर, सगळ्या महाराष्ट्रात जाईल.

मी म्हटलं, “नको शेठ. तुमच्याकडे गेलं की डिझाइन बंद होतं.”

अब्बा हसले. माझे अब्बा, ज्यांनी आयुष्यात ललितशेठसमोर कधी दात दाखवले नव्हते, ते खुर्चीत बसून हसले आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

ललितशेठने पेटी उचलली. दारातून वळून म्हणाला, तो फोटो. मला वाटलं काढ म्हणेल. म्हणाला, “असू दे तिथे. तेवढा हार घालू नकोस. बायको येते कधी कधी या बाजूला.”

तो अजून आहे भिंतीवर. बिनहाराचा. नमुना म्हणून मी सगळ्यांना तोच दाखवते.

महिन्याच्या श्राद्धाआधी सुलाबाई येऊन फ्रेम घेऊन गेली. फार काही बोलली नाही. मीच म्हटलं, भरपूर पाणी शिंपडा. मग ती बरेच महिने आली नाही, आणि न येणं म्हणजे चांगलं झालं असणार अशी मी मनाची समजूत घालत राहिले. मधल्या काळात दुकानातून सोनेरी पट्टी संपली आणि मी ती परत आणली नाही. पावसाळाही आला आणि गेला. ज्याला चमचम हवी तो दुसरीकडे जातो. ज्याला हारखाच हवी तो माझ्याकडे येतो, आणि येतो म्हणजे कसा, मनमाडहून, मालेगावहून, आईबापाचा फोटो उराशी धरून.

रावजीच्या वर्षश्राद्धाच्या आधी सुलाबाई आली. पिशवीतून परत तीच फ्रेम काढली. मी डाग शोधायला वाकले. पण तिने ती काउंटरवर अशी ठेवली की जणू मला दाखवायलाच आणली होती. वर्षभर रोज हार, रोज पाणी. लाकूड थोडं गडद झालं होतं, बस. हाताळून हाताळून खालची कड गुळगुळीत झाली होती. ती म्हणाली, रोज पुसते, मग तेवढाच हात लागतो.

मग तिने दुसरा फोटो काढला. तिचा स्वतःचा. नवं लुगडं, कपाळ मोकळं, कॅमेऱ्याकडे रागाने बघितल्यासारखं.

“ह्याच पट्टीत. बाजूला लावायचाय.”

मी म्हटलं, मावशी, घाई काय आहे, पातं कुठे जात नाही. तुम्ही खुशाल जगा. वेळ येईल तेव्हा तुमची पोरं येतील, हीच पट्टी मिळेल, माझा शब्द आहे.

“पातं राहील गं,” ती म्हणाली. “तू ऱ्हाशील का? माझ्याआधी तूच गेली म्हंजे मी कोनाकडं जाऊ?”

मी तिचा फोटो घेतला आणि माप काढलं.

मी पट्टी कापली, कोपरे जोडले, काच बसवली. फ्रेम तिच्यासमोर ठेवली तर तिने वरच्या माथ्यावर बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. खाच कुठं हाय, तिने विचारलं. मी मुद्दामच पाडली नव्हती. जिवंत बाईच्या फोटोला हाराची खाच पाडायला माझा हात धजेना, आणि मी तर हार न घालणाऱ्या घरातली. तिला तसं सांगितलं. अब्बाही म्हणाले, रहने दो बहन, अल्लाह लंबी उमर दे.

“तं मंग जोडी कशी व्हईल?” ती म्हणाली. “त्याला हाय आन् मला नाय. तूच म्हनली व्हती, एकसारखी मिळंल म्हनून.”

खरं होतं. तोच तर सगळा झगडा होता माझा, पहिल्या दिवसापासून.

मी करवत घेतली आणि तिच्यासमोर दोन्ही टोकांना खाचा पाडल्या. मग त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून नखाएवढ्या दोन पाचरी तासल्या आणि खाचांमध्ये बोटाने दाबून बसवल्या. चिकटवल्या नाहीत. वरून बघितलं तर कळतही नव्हतं. तिला दाखवलं, हे आत्ता असं राहील. पुढे कधी लागलं तर नखाने काढायचं, एवढंच. ती एक पाचर नखाने काढून, परत बसवून बघत राहिली आणि पहिल्यांदाच हसली. म्हणाली, सुनंला दाखवून ठेवते, नायतं बया खिळा ठोकंल.

मग तिने दोन्ही फ्रेमा काउंटरवर एकमेकींना लावून ठेवल्या आणि रावजीच्या पट्टीवर अंगठा ठेवून तो तसाच ओढत स्वतःच्या पट्टीवर आणला. मध्ये कुठे अडला नाही. एक गडद, एक नवी. वर्षभरात तीही तशीच होईल.

मी कागदात गुंडाळायला घेतल्या तर तिने रावजीची तेवढी गुंडाळू दिली. स्वतःची तशीच काखेत मारली, तोंड बाहेर करून, आणि भर भद्रकालीतून स्टँडकडे चालत गेली. रस्त्यावरची माणसं फोटोकडे बघत होती आणि मग तिच्याकडे.